वाळूचा डोळा



गोंदियाच्या कुठल्याही किराणा दुकानात तांदूळ मागा. दुकानदार जात सांगेल आणि मागोमाग एक शब्द जोडेल: "एचएमटी आहे, सॉर्टेक्स." सॉर्टेक्स ही काही तांदळाची जात नव्हे. लंडनमधल्या एका यंत्र बनवणाऱ्या कंपनीचं ते नाव. पण डालड्याचं झालं तसं याचंही झालं. यंत्र कुणाचंही असो, त्यातून निवडून निघालेल्या तांदळाला आपण सॉर्टेक्सच म्हणतो.

आज मला बोलायचंय सिलिकॉनची चिप आणि प्रकाश यांच्याविषयी. सुरुवात बंगळुरू किंवा तैवानपासून करता आली असती. पण चिपमध्ये प्रकाश काय करतो ते मला पहिल्यांदा समजलं आपल्या जिल्ह्यातल्या एका राईस मिलमध्ये, म्हणून तिथूनच सुरू करतो.

धान भरडून, पॉलिश होऊन, कणी वेगळी झाली की तांदूळ वर चढवला जातो. तिथून तो उतरत्या पन्हळींतून घसरत येतो, एकेका पन्हळीत दाण्यामागे दाणा. पन्हळ संपते तिथे दोन्ही बाजूंनी दिव्यांचा लख्ख उजेड आणि काचेआड कॅमेरे. काळा, पिवळा किंवा पोटात खडूसारखा पांढरा डाग असलेला दाणा समोरून गेला, की बोटभर खाली हवेचा बारीक झोत सुटतो आणि तो दाणा बाजूच्या खणात उडतो. आवाज तव्यावर मोहरी तडतडल्यासारखा, फक्त न थांबणारा.

मी तिथे उभ्या उभ्या हिशेब केला. किलोभर तांदळात साधारण पन्नास-साठ हजार दाणे. म्हणजे तासाला एक टन तांदूळ निवडायचा तर पाच कोटींच्या वर दाणे तपासायचे. दाणा सेकंदाला तीनेक मीटर वेगानं पडतो. सहा मिलिमीटरचा दाणा कॅमेऱ्यासमोरून जायला सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो. तेवढ्यात पाहायचं, ठरवायचं आणि फुंकर मारायची. सूप घेऊन बसणाऱ्या आपल्या आयाबायांची नजर काही कमी नव्हती, पण एका वेळी त्यांच्यापुढे सूपभरच तांदूळ असायचा.

हा डोळा सिलिकॉनचा. सिलिकॉनवर प्रकाश पडला की त्यातले इलेक्ट्रॉन सुटे होतात. जास्त उजेड, जास्त इलेक्ट्रॉन. ते मोजले की उजेड मोजला. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ या दोघांनी 1969 साली असे इलेक्ट्रॉन एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात सरकवत नेऊन मोजायची युक्ती काढली. गंमत अशी, की ते शोधत होते संगणकाची स्मरणशक्ती, आणि हाती लागला डोळा. त्यालाच सीसीडी म्हणतात. त्याबद्दल 2009 साली दोघांना नोबेल मिळालं.

या डोळ्याला आपल्याला न दिसणारा थोडा अवरक्त प्रकाशही दिसतो. मात्र 1100 नॅनोमीटर तरंगलांबीच्या पुढे तो आंधळा होतो, कारण तिथून पुढच्या प्रकाशाला सिलिकॉन काचेसारखं आरपार असतं. तांदळाच्याच रंगाचा पांढरा खडा ओळखायला कधी कधी त्या पलीकडचा प्रकाश लागतो, तिथे दुसऱ्या मिश्रणाची चिप बसवावी लागते. हेच आरपार जाणं चिपवाल्यांच्या मात्र कामाला येतं. तयार चिप न फोडता ते तिच्या पाठीमागून आत पाहतात.

खरं तर चिप तांदूळ पाहण्याआधी प्रकाशानं चिपला पाहिलेलं असतं. पावसाळ्यात रस्त्यावरच्या डबक्यात डिझेलचा थेंब पडला की रंग पसरतात, ते आठवा. सिलिकॉनच्या चकतीवर ऑक्साइडचा थर चढवला की तसेच रंग दिसतात. थर शंभर नॅनोमीटरचा असेल तर जांभळट, दीडशेचा असेल तर फिकट निळा, दोनशेचा असेल तर सोनेरी छटा. पूर्वी कारागीर रंगांचा तक्ता समोर ठेवून नुसत्या नजरेनं थराची जाडी सांगत. आज त्याहून कितीतरी पातळ थर मोजायचे असतात, म्हणून तिरपा प्रकाश टाकून परतताना त्याच्या कंपनांची दिशा किती बदलली ते पाहतात. हात न लावता केलेलं माप. ओरखडा नाही की डाग नाही.

आणखी एक माप आपल्या माणसाच्या नावाचं आहे. चंद्रशेखर वेंकट रामन तरुणपणी सरकारी हिशेब खात्यात होते आणि त्या नोकरीत काही काळ नागपूरलाही होते. 1928 साली त्यांनी दाखवलं, की पदार्थावरून विखुरताना थोड्याशा प्रकाशाचा रंग बदलतो. सिलिकॉनवर लेसर टाकला की या बदललेल्या रंगाची रेघ ठरलेल्या जागी उमटते. स्फटिकावर ताण असेल तर रेघ किंचित सरकते. ती किती सरकली, यावरून चिपच्या कुठल्या कोपऱ्यात किती ताण आहे ते कळतं.

पण एवढ्या हुशार डोळ्यालाही धूळ चालत नाही. मिलमध्ये मी पाहत होतो तेव्हाच मशीन एकाएकी चांगला तांदूळ फेकायला लागलं. ऑपरेटर घाबरला नाही. काचेवर कोंड्याची पूड बसली होती, ती त्यानं फडक्यानं पुसली. "डोळ्यात कचरा गेला होता," म्हणाला. मालकाचा जीव मात्र खालीवर होत होता. सरकारी भरडाईत साध्या, न उकडलेल्या तांदळाचे क्विंटल धानामागे 67 किलो परत द्यावे लागतात; चांगला दाणा फेकला गेला की भरपाई पदरची. तशीही एका काळ्या दाण्याला उडवताना शेजारचे चारदोन चांगले दाणे त्याच्यासोबत जातातच. म्हणून फेकलेला माल पुन्हा एकदा यंत्रातून काढतात.

आता सगळ्यात मजेची गोष्ट. धानाच्या बांधीत निंदण करताना पात्यानं हात चिरतो, तो कशानं? धानाचं रोप जमिनीतून सिलिका शोषतं आणि पात्यात, तुसात साठवतं. सिलिका म्हणजे वाळूचा मूळ पदार्थ, आणि चिपचं सिलिकॉन त्याच्यापासूनच काढतात. क्विंटल धानामागे वीसेक किलो तूस निघतं. ते भट्टीत जळलं की चारेक किलो राख उरते, आणि त्या राखेत शेकडा ऐंशीहून जास्त सिलिका. या राखेपासून शुद्ध सिलिकॉन काढायचे प्रयोग झालेले आहेत, पण कारखाने अजून क्वार्ट्झचाच दगड वापरतात. तो स्वस्त पडतो आणि स्वच्छही असतो.

म्हणजे त्या यंत्रात सिलिकॉन तांदूळ निवडत होतं आणि दाण्याच्या अंगावरून उतरलेल्या तुसातलं सिलिकॉन मागच्या दारी भट्टीच्या राखेत उरत होतं. मिलमधून निघालो तेव्हा उष्ण्या तांदळाच्या बॉयलरची करडी राख शर्टाच्या खांद्यावर बसली होती. ऑपरेटरनंच ती दाखवली, आणि काच पुसलेलं तेच फडकं माझ्यापुढे केलं.