कणवेगवर्धकांचे संशोधन आणि शोधनिबंधांची मोजदाद

(प्रस्तुत अनुवादाच्या निमित्ताने हावडा येथे मराठी वाचकांच्या सभेत अनुवादकाने केलेले भाषण)



ज्या पुस्तकाचा अनुवाद मी नुकताच हातावेगळा केला, त्याविषयी चार शब्द बोलावेत अशी आपली इच्छा आहे. मी मराठी भाषेचा विद्यार्थी. पदार्थविज्ञानाशी माझा संबंध आला तो अनुवादकाच्या नात्याने, तेवढाच. कणवेगवर्धक म्हणजे प्रोटॉनसारख्या विद्युत्‌भारित कणांना प्रचंड वेग देणारे यंत्र. ते कसे चालते हे सांगणारी प्रकरणे अवघड असली तरी रसाळ होती. अखेरच्या प्रकरणात मात्र वेगळाच मजकूर निघाला. या विषयावर कोठे किती शोधनिबंध प्रसिद्ध झाले, इतरांनी त्यांचा आधार किती वेळा घेतला, कोणते प्रवाह वाढले आणि कोणते आटले, याचे हिशेब त्यात होते. हे प्रकरण गाळता आले तर बरे, असा मोह क्षणभर झाला, हे आपल्यापाशी कबूल करतो. अनुवादकास तो अधिकार नसतो, म्हणून बैठक मारून बसलो. काम पुढे सरकू लागले तसे ध्यानात आले, की पुस्तकाचा कळीचा प्रश्न तेथेच आहे. ज्ञानाचे काम मोजावे कसे, आणि मोजताना कोणाचे काम मापातून निसटते?

प्रारंभ एका शोधनिबंधापासूनच करतो. १९२८ साली रॉल्फ विडरो या नॉर्वेजियन अभियंत्याने विद्युत्-अभियांत्रिकीच्या एका जर्मन नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. कणांना एकदाच प्रचंड विद्युत्‌दाबाचा धक्का देण्याऐवजी माफक दाब पुन्हा पुन्हा वापरून त्यांचा वेग टप्प्याटप्प्याने वाढवता येतो, हे त्यात दाखवले होते. पुढील वर्षी अमेरिकेत बर्कली येथील ग्रंथालयात हा निबंध अर्नेस्ट लॉरेन्स यांच्या पाहण्यात आला. लॉरेन्सना जर्मन सहजपणे वाचता येत नव्हते. त्यांनी आकृत्या आणि छायाचित्रे तेवढी पाहिली, आणि त्यावरून त्यांना सुचले की चुंबकाच्या साहाय्याने कण वर्तुळात फिरवले तर तोच धक्का त्यांना शेकडो वेळा देता येईल. जानेवारी १९३१ मध्ये त्यांच्या तळहाताएवढ्या सायक्लोट्रॉनने ८०,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा गाठली. १९३९ मध्ये लॉरेन्सना नोबेल पारितोषिक मिळाले. एवढी मोठी घटना भाषांतरावाचून घडली, हे अनुवादकाने नम्रपणे मान्य केले पाहिजे. ग्रंथपालांना मात्र अभिमान वाटावा असाच हा प्रसंग आहे, कारण तो अंक फडताळात नसता तर आकृत्या तरी कोठून दिसल्या असत्या?

या विषयाच्या वाढीचे दोन आलेख प्रसिद्ध आहेत. पहिला स्टॅन्ली लिव्हिंग्स्टन यांचा. पहिले सायक्लोट्रॉन प्रत्यक्ष चालवून दाखवणारे लॉरेन्स यांचे विद्यार्थी ते हेच. कोणत्या वर्षी कोणत्या यंत्राने किती ऊर्जा गाठली, हे त्यांनी १९५० च्या दशकात एका आलेखावर मांडले. सुमारे दर सहा-सात वर्षांत ऊर्जा दहापट होत गेलेली त्यात दिसते. परंतु एकच यंत्र सतत मोठे होत गेले आणि ऊर्जा वाढली, असे झालेले नाही. प्रत्येक प्रकारच्या यंत्राची रेषा काही काळ चढते आणि मग आडवी होते. तेवढ्यात एखादी नवी कल्पना पुढे येते आणि चढण पुन्हा सुरू होते.

दुसरा आलेख डेरेक डी सोला प्राइस यांचा. १९४० च्या दशकाच्या अखेरीस ते सिंगापूरच्या रॅफल्स कॉलेजात शिकवीत असत. रॉयल सोसायटीच्या नियतकालिकाचे १६६५ पासूनचे खंड तेथे त्यांच्या ताब्यात होते. दहा-दहा वर्षांचे ढीग करून त्यांनी ते भिंतीशी रचले, आणि ढिगांची उंची ठरावीक काळात दुप्पट होत गेल्याचे त्यांच्या नजरेस आले. ‘लिटल सायन्स, बिग सायन्स’ या त्यांच्या १९६३ च्या पुस्तकात हा विचार विस्ताराने आला आहे. १९६४ मध्ये यूजीन गारफील्ड यांनी विज्ञानातील उल्लेखांची सूची सुरू केली. कोणत्या निबंधाचा आधार कोणी घेतला, हे त्यामुळे शोधता येऊ लागले. २००५ मध्ये हर्श या पदार्थवैज्ञानिकाने आणखी एक सुटसुटीत माप दिले. एखाद्याच्या वीस निबंधांचा प्रत्येकी निदान वीस वेळा उल्लेख झाला असेल, तर त्याचा निर्देशांक वीस. माप इतके सोपे, की नेमणुका आणि बढत्या ठरवणाऱ्या समित्यांना ते हवेहवेसे वाटले नसते तरच नवल!

आता या मापाने कणवेगवर्धकाचे क्षेत्र मोजू लागलो तर काय दिसते? जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत २७ किलोमीटर परिघाचे महायंत्र आहे. त्यावर काम करणाऱ्या दोन गटांनी २०१५ मध्ये हिग्ज कणाच्या वस्तुमानाविषयी एक निबंध मिळून प्रसिद्ध केला. त्याचे लेखक ५,१५४. तेहतीस पानांच्या त्या निबंधातील चोवीस पाने लेखकांच्या आणि संस्थांच्या नावांनीच भरली आहेत. ही नावे कणशोधक उपकरणे उभारणाऱ्यांची आणि त्यांतील नोंदींचा अर्थ लावणाऱ्यांची. शलाका चालवणारे अभियंते या यादीत नसतात. त्यांच्या वाट्याला येते आभाराचे एखादे वाक्य. त्या महायंत्राचे १,२३२ मुख्य चुंबक ज्या आधारांवर काटेकोरपणे तोललेले आहेत, ते सुमारे ७,००० आधार भारतात तयार झाले. त्यांतील एखादा आधार घडवणाऱ्या कारागिराचा निर्देशांक कोणी काढावा?

या क्षेत्रातील लोक लिहीत नाहीत, असे नव्हे. पण त्यांचे लेखन बहुतांशी परिषदांच्या वृत्तांतांतून येते. तीन-चार पानांचे टिपण असते: यंत्राचा अमुक भाग असा बांधला, तेव्हा ही अडचण आली आणि ती अशी सुटली. ज्याला नवे यंत्र बांधायचे असते, त्याच्यासाठी ही टिपणे लाखमोलाची. उल्लेखांच्या हिशेबात मात्र त्यांचे वजन अल्प. केवळ कणवेगवर्धकांना वाहिलेले, सर्वांना विनामूल्य वाचता येणारे ‘फिजिकल रिव्ह्यू’च्या परिवारातील नियतकालिक १९९८ मध्ये निघाले, तेव्हा या मंडळींना स्वतःचे असे एक दालन मिळाले.

कधी कधी तर मोठी कल्पना मापात येतच नाही. निकोलस क्रिस्टोफिलोस हे अथेन्समध्ये लिफ्टच्या व्यवसायातील अभियंता होते. कणांची शलाका घट्ट बांधून ठेवण्याची एक नामी युक्ती त्यांना सुचली आणि १९५० मध्ये त्यांनी एकस्वासाठी अर्ज केला. कोणी लक्ष दिले नाही. १९५२ मध्ये अमेरिकेत तिघा नामवंतांनी हीच युक्ती स्वतंत्रपणे शोधून प्रसिद्ध केली, तेव्हा कोठे आधीच्या माणसाचा मान त्याला मिळाला. सर्नमधील सिमॉन व्हान डर मेर यांना १९६८ मध्ये विस्कळीत शलाका आवरण्याची एक रीत सुचली. ती व्यवहारात उतरेल असे त्यांना स्वतःलाही वाटले नव्हते. १९७२ मध्ये त्यांनी तिच्यावर संस्थेपुरता एक अहवाल लिहिला, आणि १९८४ मध्ये त्याच रीतीसाठी नोबेल पारितोषिक स्वीकारले. मधल्या वर्षांत एखाद्या समितीने त्यांचे निबंध मोजले असते तर तिचे मत काय झाले असते, याची कल्पना आपण करू शकता.

हे सारे दूर देशीचे झाले. आता या नदीच्या पलीकडे पाहू. मेघनाद साहांचे शिष्य बसंती दुलाल नागचौधुरी १९३८ मध्ये बर्कलीस लॉरेन्स यांच्याकडे गेले आणि १९४१ मध्ये परतले. कलकत्त्यात सायक्लोट्रॉन उभारायचा होता. चुंबकाचे भाग येऊन पोचले. पण निर्वात-पंप घेऊन येणारे जहाज युद्धात जपान्यांनी बुडवले. कणांच्या मार्गात हवा राहिली तर शलाका तयारच होत नाही, आणि असे पंप तेव्हा येथे कोणी बनवीत नव्हते. त्याच युद्धकाळात आपला हावड्याचा पूल उभा राहत होता. इंग्लंडहून यावयाचे बहुतेक पोलाद युद्धाकडे वळले. परंतु लागणाऱ्या २६,५०० टनांपैकी सुमारे २३,००० टन टाटांच्या कारखान्याने पुरवले, आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये पूल खुला झाला. पोलाद घरचे होते, पंप घरचे नव्हते, एवढाच काय तो फरक. साहांच्या संस्थेतील सायक्लोट्रॉन चालू होण्यास १९५० चे दशक उजाडावे लागले. मधली वर्षे पंप, गळती आणि सुट्या भागांशी झुंजण्यात गेली. निबंधांच्या यादीत त्या वर्षांची जागा रिकामी दिसेल. पण निर्वात कसे साधावे हे येथील लोक शिकले ते त्याच वर्षांत.

त्यानंतरचे यंत्र विधाननगरचे. ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हाती घेतलेल्या या प्रकल्पाचे चुंबक रांचीच्या अवजड अभियांत्रिकी कारखान्यात घडले. १६ जून १९७७ रोजी पहिली शलाका निघाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईहून नागपूरमार्गे हावड्यास येणारी गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. आपल्यापैकी अनेकांच्या घरी त्या गाडीची आठवण निघते, शलाकेची कोणी काढीत नाही. तेथेच पुढे अतिसंवाहक सायक्लोट्रॉन उभारण्यात आला. त्याच्या तारा द्रवरूप हीलियममध्ये उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवाव्या लागतात. २५ ऑगस्ट २००९ रोजी यंत्राच्या आत पहिली शलाका फिरली. ती बाहेर काढण्यासाठी मात्र आणखी पुष्कळ वर्षे खपावे लागले. चुंबकीय क्षेत्रात किंचित दोष राहिला, तरी कण वाट चुकतात. तो दोष कोठे आहे हे बिंदू-बिंदू मोजून हुडकावे लागते. असे एक वर्ष सरते, आणि नोंदवहीत भर पडते ती काही आकड्यांची. प्रयोगकर्ता शलाकेची वाट पाहत असतो. ती मिळाली की त्याचे निबंध सुरू होतात. ज्याने ती मिळवून दिली, त्याची वर्षे मात्र नोंदवहीतच राहतात. २०१८ मध्ये कोलकात्यात सुरू झालेल्या वैद्यकीय सायक्लोट्रॉनचा हिशेब आणखी निराळा. तेथे किरणोत्सर्गी औषधे तयार होतात. त्यांचे माप निबंधांत घ्यायचे, की ज्यांचा कर्करोग वेळेवर ओळखला गेला त्या रुग्णांत?

मग मोजूच नये काय? तसे माझे म्हणणे नाही. सार्वजनिक पैसा खर्च होतो तेथे हिशेब मागितलाच पाहिजे. प्रश्न आहे तो रीतीचा. १९८४ मध्ये ससेक्स विद्यापीठातील बेन मार्टिन आणि जॉन आयर्व्हिन यांनी सर्नच्या यंत्रांची इतर देशांतील यंत्रांशी तुलना केली. त्यांनी निबंध मोजले, उल्लेख मोजले, गाजलेले निबंध वेगळे काढले आणि शिवाय जाणत्या शास्त्रज्ञांना भेटून त्यांची मते विचारली. यांतील प्रत्येक माप अपुरे आहे, आणि सारी एकाच दिशेस बोट दाखवतील तेव्हाच त्यांवर विसंबावे, असे त्यांचे सूत्र होते. २०११ मध्ये हाउसेकर आणि चाओ यांनी प्रश्न उलटा केला: पदार्थविज्ञानातील नोबेल-विजेत्या संशोधनापैकी किती कणवेगवर्धकांवाचून झाले नसते? १९३९ ते २००९ या काळात सरासरी दर २.९ वर्षांनी असे एक पारितोषिक आले, असे त्यांना आढळले. यंत्र बांधणाऱ्यांचे श्रम दिसू लागतात ते अशा प्रश्नामुळे.

हा वाद केवळ तात्त्विक नाही. आज एखादी हुशार मुलगी या क्षेत्रात आली, तर तिच्यापुढे दोन वाटा असतात. परदेशी यंत्रातील नोंदींचा अभ्यास केला तर दरवर्षी अनेक निबंधांवर तिचे नाव येईल. येथे यंत्र बांधावयास बसली, तर पाच वर्षांत एक-दोन टिपणे हाती लागतील. दोन्ही कामे थोर आहेत. परंतु नेमणूक करणारा केवळ आकडा पाहणार असेल, तर दुसऱ्या वाटेने कोण जाईल? आणि त्या वाटेने कोणी गेलेच नाही, तर पुढच्या वेळी पंपाचे जहाज बुडाल्यावर आपण काय करणार आहोत?

थोडे स्वतःविषयी बोलतो, क्षमा असावी. मी पूर्वी जेथे अध्यापन करीत होतो, तेथे बढतीच्या अर्जात अनुवादासाठी रकानाच नव्हता. तीन वर्षे खपून केलेले साडेतीनशे पानांचे पुस्तक मी ‘इतर’ या शीर्षकाखाली लिहिले, आणि त्याला गुण मिळाले शून्य. तेव्हा राग आला होता. या पुस्तकाने तो राग पुष्कळसा निवला, कारण ‘इतर’च्या रकान्यात मी एकटा नाही, तेथे फार मोठी मंडळी बसलेली आहेत, हे त्याने मला दाखवले.

येथे जे ग्रंथपाल उपस्थित आहेत, त्यांना एक विनंती करून थांबतो. प्रयोगशाळांचे वार्षिक अहवाल आणि परिषदांचे वृत्तांत वर्षानुवर्षे कोणी मागत नाही, म्हणून ते रद्दीत घालू नका. विडरोंचा अंकही तसा कोणी मागितला नव्हता.