पाण्याच्या नोंदवहीतील रंगीत ओळी

(ग्रामपंचायत कर्मचारी व शिक्षक यांच्यासाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पिण्याच्या पाण्याच्या तपासणीचे अहवाल आज गावोगावी येतात. प्रयोगशाळा आपले काम करते, अहवाल पंचायतीकडे पोहोचतो आणि त्यातील आकडे संगणकावरील तक्त्यात भरले जातात. खरा प्रश्न यापुढचा आहे. साठ स्रोतांच्या साठ ओळींपैकी कोणत्या ओळीकडे आधी लक्ष द्यावयाचे, हे तो तक्ता आपण होऊन सांगत नाही. १.४ आणि २.४ हे आकडे सारख्याच काळ्या अक्षरांत शेजारी शेजारी उभे असतात आणि घाईने पाहणाऱ्याच्या नजरेतून निसटतात. निसटलेली ओळ शाळेच्या आवारातील हातपंपाची असेल, तर त्या निसटण्याची किंमत मुलांना द्यावी लागते.

उदाहरणादाखल फ्लोराइड घ्यावे. यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांच्या काही भागांत विंधन विहिरींच्या पाण्यात ते अधिक आढळते. भारतीय मानक १०५०० : २०१२ प्रमाणे लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड योग्य होय; दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेता येते. त्याहून अधिक असलेले पाणी मुलांचे कायमचे दात घडण्याच्या वयात पोटात जात राहिले, तर दातांवर आधी पांढरे आणि पुढे तपकिरी डाग उमटतात. फ्लोराइडचे प्रमाण फार असेल आणि ते पाणी वर्षानुवर्षे प्यावे लागले, तर हाडे ताठरतात, सांधे आखडतात. ही हानी भरून येत नाही. पाणी उकळल्याने किंवा त्यात विरंजक चूर्ण टाकल्याने फ्लोराइड जात नाही. रंग, वास वा चव यांवरूनही ते ओळखता येत नाही. धोक्याची सूचना देणारा असतो तो केवळ अहवालातील आकडा. पाणी रंगाने काही सांगत नाही, म्हणून नोंदवहीतील ओळीला रंग द्यावयाचा.

हा रंग हाताने भरू नये. हाताने भरलेला रंग आकडा बदलला तरी तसाच राहतो आणि मग तोच दिशाभूल करतो. एक्सेलमध्ये यासाठी ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’ ही सोय आहे. गूगल शीट्स व लिब्रे ऑफिस या प्रणालींतही ती आहे. अट एकदा लिहून ठेवली की आकड्याबरोबर रंगही आपोआप बदलतो.

समजा, तक्त्याच्या पहिल्या ओळीत शीर्षके आहेत. ‘ए’ स्तंभात अनुक्रमांक, ‘बी’मध्ये ठिकाण, ‘सी’मध्ये स्रोताचा प्रकार, ‘डी’मध्ये नमुना घेतल्याची तारीख, ‘ई’मध्ये फ्लोराइडचे प्रमाण आणि ‘एफ’मध्ये शेरा आहे. दुसऱ्या ओळीपासून शेवटच्या स्रोताच्या ओळीपर्यंतचे सर्व स्तंभ निवडावेत. ‘होम’ पट्टीवरील ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’मध्ये जाऊन ‘न्यू रूल’ उघडावे, त्यातील सूत्र वापरण्याचा शेवटचा पर्याय घ्यावा आणि पुढील सूत्र लिहावे : =$ई२>१.५. नंतर ‘फॉरमॅट’मध्ये लाल भरणरंग निवडावा. (सूत्रे येथे देवनागरीत दिली आहेत; संगणकावर ती रोमन अक्षरांत व इंग्रजी अंकांत लिहावयाची.)

या सूत्रातील डॉलरचे चिन्ह महत्त्वाचे आहे. ते ‘ई’च्या आधी असल्यामुळे ओळीतील प्रत्येक रकाना फ्लोराइडच्याच आकड्याकडे पाहतो आणि संपूर्ण ओळ रंगते. चिन्ह विसरले तर प्रत्येक रकाना वेगळ्याच स्तंभाकडे पाहू लागतो आणि रंग भलतीकडे उमटतात. ‘२’च्या आधी मात्र चिन्ह नको, कारण पुढच्या ओळीत त्याचा ‘३’ व्हावयाचा असतो.

याच रीतीने पिवळ्या रंगासाठी =$ई२>१ आणि हिरव्यासाठी =$ई२<=१ असे नियम करता येतात. परंतु येथेच थांबल्यास एक घातक चूक होते. तुलना करताना संगणक रिकामा रकाना शून्य समजतो. शून्य हे एकापेक्षा कमी. म्हणून ज्या विहिरीचे पाणी कधी तपासलेच नाही, तिची ओळ हिरवीगार दिसते. न तपासलेले पाणी शुद्ध ठरविण्याचा अधिकार कोणालाही नाही, संगणकालाही नाही. यासाठी चौथा, करड्या रंगाचा नियम हवा : =ऑर($ई२="",टुडे()-$डी२>३६५). तपासणी झालेली नाही, अथवा ती होऊन वर्ष उलटले, असा या रंगाचा अर्थ. रासायनिक तपासणी वर्षातून एकदा तरी व्हावी अशी अपेक्षा असल्याने ही मुदत योग्य आहे.

नियमांचा क्रमही विचारपूर्वक लावावा. एकाच ओळीला दोन नियम लागू झाले, तर यादीत वर असलेल्या नियमाचा रंग दिसतो. एक्सेलमध्ये नवा नियम आपोआप सर्वांत वर जातो. म्हणून ‘मॅनेज रूल्स’मध्ये जाऊन लाल, करडा, पिवळा, हिरवा असा क्रम बाणांच्या साहाय्याने लावावा. करडा नियम लालच्या वर राहिला, तर दोन वर्षांपूर्वी दूषित ठरलेला हातपंप केवळ अहवाल जुना झाला म्हणून करडा दिसेल. धोका जुना झाल्याने टळत नाही.

आणखी दोन गोष्टी. आकड्यापुढे ‘मिग्रॅ’ असे लिहू नये. एकक शीर्षकात असावे. आकड्याला अक्षरे जोडली की संगणक त्यास मजकूर समजतो आणि मजकूर कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा धरतो. मग चांगल्या स्रोताची ओळही लाल होते. तसेच काळ्या-पांढऱ्या छापील प्रतीत रंग नाहीसे होतात, आणि लाल व हिरवा यांतील फरक काही व्यक्तींना दिसत नाही. यास्तव ‘शेरा’ स्तंभात ‘पिण्यास अयोग्य’, ‘तपासणी बाकी’ असे शब्दांतही नोंदवावे.

रंगाचे काम येथे संपते आणि माणसाचे सुरू होते. लाल ओळ दिसताच त्या स्रोताचे पाणी पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी बंद करावे, तसा ठळक फलक लावावा आणि पर्यायी स्रोताचा विषय मासिक सभेत घ्यावा. पर्याय नसेल तेथे फ्लोराइड काढण्याची व्यवस्था करावी लागते. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने विकसित केलेली, तुरटी व चुना वापरणारी नलगोंडा पद्धत ही त्यांपैकीच एक. करड्या ओळीसाठी जलसुरक्षकाने नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवावा. जलजीवन मिशनखाली प्राथमिक तपासणीचे प्रशिक्षण घेतलेल्या गावातील महिलांचेही येथे मोलाचे साहाय्य होईल. शिक्षकांनी मुलांच्या दातांवरील डागांकडे लक्ष ठेवून पंचायतीस कळवावे, म्हणजे आकडा आणि अनुभव यांची सांगड पडेल.

ग्रामसभेत हा तक्ता पडद्यावर दाखविल्यास ज्यांना आकडे वाचता येत नाहीत, त्यांनाही आपल्या वस्तीची ओळ कोणत्या रंगाची आहे हे दिसेल आणि ती तशी का, हे विचारता येईल. त्या प्रश्नाला उत्तर देण्याची तयारी ठेवूनच पंचायतीने आपली नोंदवही रंगवावी.