आधी आवाज लावा, मग सिनेमा

मैफल सुरू होण्यापूर्वी तबलजी हातोडीनं तबला ठोकून घेतो, तानपुऱ्याच्या खुंट्या पिळल्या जातात. पाच-दहा मिनिटं जातात, पण कुणी कुरकुर करत नाही. वाद्य लागल्याशिवाय गाणं रंगणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. होम थिएटरच्या बाबतीत मात्र आपण हे सोयीस्करपणे विसरतो. खोकं उघडायचं, वायरी जोडायच्या, मोकळी जागा दिसेल तिथे स्पीकर ठेवायचे आणि लगेच सिनेमा लावायचा! मग आवाज मोठा येतो, पण चांगला येतोच असं नाही. घरोघरी अशा यंत्रणा बसवून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. न लावलेली महागडी यंत्रणा आणि नीट लावलेली साधी यंत्रणा यांतली एक निवड म्हटलं, तर मी दुसरीच निवडीन.

या यंत्रणेला 'फाइव्ह पॉइंट वन' म्हणतात. पडद्याच्या डावीकडे एक, उजवीकडे एक, मधोमध एक आणि ऐकणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना, किंचित मागे, एकेक असे पाच स्पीकर. 'पॉइंट वन' म्हणजे खर्जासाठी राखलेला वेगळा मार्ग. त्यातून सुमारे १२० हर्ट्झपर्यंतचेच आवाज येतात, म्हणून त्याला पुरं एक न म्हणता दशांश म्हटलं. हे आवाज सबवूफर नावाच्या पेटीतून ऐकू येतात. १९९२ साली 'बॅटमॅन रिटर्न्स' या चित्रपटाबरोबर डॉल्बी डिजिटल पद्धत चित्रपटगृहात आली आणि पुढे डीव्हीडीबरोबर हाच थाट आपल्या दिवाणखान्यात पोचला. आता छतातून आवाज देणाऱ्या यंत्रणाही मिळतात, पण मूळ हिशेब तोच आहे.

लोकांची सर्वांत मोठी तक्रार कोणती? 'बोलणं ऐकू येत नाही आणि मारामारी सुरू झाली की कान फाटतात.' हातातला रिमोट सारखा वरखाली. मागे पुण्यातल्या एका घरी गेलो होतो. यंत्रणा येऊन सहा महिने झाले होते. घरातल्या आजी पूर्वी सगळ्यांबरोबर सिनेमाला बसायच्या, पण त्यांनी हळूहळू बसणं सोडलं होतं. 'तुमचं चालू द्या, मला नुसता गलका ऐकू येतो,' असं म्हणून त्या आतल्या खोलीत जाऊन पडायच्या. आजींना आता कमी ऐकू येतं, असं घरच्यांनी ठरवून टाकलं होतं.

वयाबरोबर कान उतरतात, हे खरंच आहे. पण ते कसे उतरतात, ते पाहा. आधी जातात ते उंच पट्टीतले बारीक आवाज. आपल्या बोलण्यात स्वरांना जोर असतो, पण शब्द ओळखू येतो तो 'स', 'श', 'त', 'थ' अशा व्यंजनांमुळे, आणि त्यांचा बराचसा भाग नेमका उंच पट्टीत असतो. म्हणून म्हाताऱ्या माणसाला आवाज येतो, शब्द कळत नाही. सिनेमातले संवाद बहुतेक करून मधल्या स्पीकरमधून येतात. त्या घरी तो स्पीकर टीव्हीखालच्या कपाटात, काचेच्या दाराआड ठेवलेला होता आणि त्याचं तोंड बसणाऱ्याच्या गुडघ्यांकडे होतं. उंच पट्टीचे आवाज सरळ रेषेत जातात, ते काचेतच अडत होते. मी दार उघडं ठेवलं, स्पीकर फळीच्या कडेपर्यंत पुढे ओढला, पुढच्या बाजूखाली रबराचे तुकडे देऊन तोंड कानांकडे वळवलं आणि त्याची पातळी तीन डेसिबलनं वाढवली. नवं काहीही विकत आणलं नाही. त्या रविवारी आजी शेवटपर्यंत बसल्या. कान तपासून घ्यावेतच. पण त्याआधी स्पीकर तपासावा.

आता जुळवणीकडे वळू. सुरुवात सुतळीपासून करा. तुमची नेहमीची बैठक आणि समोरचे डावे-उजवे स्पीकर यांचा तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण व्हायला हवा. मधली रेषा शून्य धरली, तर हे दोन स्पीकर तीस-तीस अंशांवर येतात. बाजूचे दोन स्पीकर १०० ते १२० अंशांत, म्हणजे कानाच्या जरा मागे. आपल्याकडे सोफा मागच्या भिंतीला टेकवलेला असतो, मग हे स्पीकर शोकेसच्या डोक्यावर किंवा टीव्हीशेजारीच जाऊन बसतात. सोफा हात-दीड हात पुढे घेता आला तर उत्तम. नसेल जमत, तर ते दोन्ही बाजूच्या भिंतींवर कानापेक्षा थोडे उंच लावा. वायरींची लाल-काळी टोकं प्रत्येक ठिकाणी सारखीच जोडली आहेत ना, तेही पाहा. एका स्पीकरची उलटी झाली, तर खर्ज पातळ होतो आणि आवाज नेमका कुठून येतो आहे ते कळेनासं होतं.

यानंतर अंतर. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे एका फुटाला साधारण एक मिलिसेकंद. समोरचा स्पीकर नऊ फुटांवर आणि बाजूचा चार फुटांवर असेल, तर बाजूचा आवाज पाच मिलिसेकंद आधी पोचतो. तुम्ही म्हणाल, एवढ्यानं काय बिघडतं? पण जो आवाज आधी पोचतो, त्याच्याच दिशेकडे आपला कान वळतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकानं १९४९ साली या विषयावर प्रबंध लिहिला. म्हणून प्रत्येक स्पीकरचं अंतर टेपनं मोजून रिसीव्हरला सांगायचं. मग जवळच्या स्पीकरला तो तेवढा वेळ थोपवून धरतो आणि पाचही आवाज एकदम पोचतात.

मग पातळी. रिसीव्हरमध्ये चाचणीचा आवाज असतो, पाऊस कोसळावा तसा. तो एकेका स्पीकरमधून फिरतो. बैठकीच्या जागी, कानाच्या उंचीवर ध्वनिमापक धरून प्रत्येक स्पीकर ७५ डेसिबलवर आणायचा. मोबाइलमधलं ध्वनिमापकही चालतं. त्याचा आकडा अचूक नसेल, पण पाच स्पीकरांची आपसांत तुलना करायला तो पुरतो. फक्त खर्जाच्या बाबतीत त्याच्यावर फार विसंबू नका. बऱ्याच रिसीव्हरबरोबर छोटा मायक्रोफोन येतो आणि यंत्र ही मोजणी आपोआप करतं. त्या वेळी पंखा बंद, खिडक्या बंद, आणि मायक्रोफोन हातात न धरता स्टँडवर ठेवा. सबवूफरचं अंतर यंत्रानं टेपपेक्षा जास्त दाखवलं तर घाबरून बदलू नका. सबवूफरच्या आतल्या मंडलांत जाणारा वेळही त्यानं मोजलेला असतो.

खर्ज हा या घरातला सर्वांत हट्टी पाहुणा. बारा फूट लांबीच्या खोलीत सुमारे ४७ हर्ट्झच्या स्वराची अर्धी लहर बरोबर मावते. तो स्वर भिंतींपाशी घुमतो आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे एकाच सिनेमात सोफ्यावरच्या माणसाला धडधड जाणवते आणि मधल्या खुर्चीवरच्याला काहीच नाही. यावर एक गमतीदार पण रामबाण युक्ती आहे. सबवूफर उचलून तुमच्या बसण्याच्या जागी ठेवा, खर्जाचं गाणं लावा आणि रांगत भिंतीकडेनं फिरा. जिथे खर्ज स्वच्छ आणि एकसारखा ऐकू येईल, तिथे सबवूफर ठेवा. घरातली मुलं हसतील, हसू द्या! छोटे स्पीकर असतील, तर ८० हर्ट्झच्या खालचं सगळं काम सबवूफरकडे सोपवा. इतक्या खालच्या आवाजाची दिशा आपल्या कानाला नीटशी कळत नाही, त्यामुळे तो एका बाजूला ठेवला तरी खटकत नाही.

हाच खर्ज भिंत ओलांडून शेजाऱ्याकडे जातो, हेही विसरू नये. आपल्या देशात २००० सालापासून ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ही मर्यादा ४५ डेसिबल आहे. रात्री सिनेमा पाहायचा, तर रिसीव्हरमधला 'नाइट मोड' लावा. तो मोठे आवाज दाबतो आणि बारीक आवाज वर आणतो, त्यामुळे संवाद कळतात आणि शेजार झोपतो.

शेवटचं वाद्य म्हणजे खोली. हार्वर्ड विद्यापीठातल्या एका व्याख्यानगृहात बोललेलं काहीच कळत नसे. १८९५ साली वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाकडे ते दुरुस्त करण्याचं काम आलं. त्यांनी जवळच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री आणून मांडल्या आणि किती गाद्यांनी घुमणं किती कमी होतं, ते मोजत बसले. त्यातून आजचं ध्वनिशास्त्र उभं राहिलं. आपली गुळगुळीत फरशी आणि कोऱ्या भिंती त्या व्याख्यानगृहासारख्याच. खोलीत टाळी वाजवून पाहा. झणझणीत पडसाद आला, तर समोर जाड सतरंजी घाला, जाड पडदे लावा, पुस्तकांचं कपाट बाजूच्या भिंतीला सरकवा. नेमकं कुठे, ते आरसा सांगेल. तुम्ही जागेवर बसा आणि कुणाला तरी भिंतीलगत आरसा सरकवत न्यायला सांगा. जिथे आरशात स्पीकर दिसेल, तिथूनच आवाज उसळून तुमच्याकडे येतो.

श्रोतेहो, या सगळ्याला एक दुपार लागते. टेप, सुतळी आणि थोडा धीर एवढंच भांडवल. झाल्यावर तुमचा पाठ असलेला एखादा सिनेमा लावा आणि रिमोट लांब ठेवून द्या. कुजबुज कळली, पाऊस चहूकडून पडला, आणि शेवटपर्यंत रिमोटसाठी कुणालाही उठावं लागलं नाही, तर समजा, वाद्य लागलं.