सायकलवरून भोकरदन-असई

जालन्याहून राजूरमार्गे भोकरदनास सायकलीने जाणाऱ्यास अजिंठ्याच्या डोंगररांगेकडील चढण पायांना कळते. मोटारीतल्यास ती कळत नाही. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. भारहूत व सांचीच्या शिलालेखांत या नगरीच्या दात्यांचा उल्लेख आहे. १९७३ च्या उत्खननात येथे हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भाग मिळाला. तिच्या जातीची मूर्ती १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे सापडली होती.

पुढे असई. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांची फौज केळणेपलीकडे उभी होती. नदीला येथे उतार नाही, असे वाटाड्यांनी इंग्रज सेनापती वेलस्लीस सांगितले. (परक्या फौजेला गावचा उतार कोण दाखविणार?) परंतु दोन्ही तीरांवर समोरासमोर गावे पाहून, त्यांची ये-जा असणारच, हे त्याने ताडले. उतार सापडला आणि रणाचा निकाल फिरला.

म्हणून सायकलस्वारांबरोबर द्यावयाचा वाटाड्या याच तीरांवरचा असावा. शिक्षकांनी त्यास इतिहास सांगावा, पंचायतीने मेहनताना ठरवावा. नदीला पाणी किती, आणि काळी माती चाकांना धरू लागली म्हणजे कोणत्या बांधावरून सायकल ढकलीत न्यावी, हे त्याला शिकवावे लागणार नाही.