घर दाखवायचं म्हणजे काय दाखवायचं?

(पिंपळगाव राजा येथे युवक-युवतींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला विषय दिलाय 'प्रतिपालक होण्यासाठी घरपाहणीची तयारी'. बोलावणाऱ्यांना वाटलं असेल, बाई कागदपत्रांची यादी सांगतील आणि बसतील. यादी सांगते, पण आधी आमच्या घरची फजिती सांगते. तयारी कशी करू नये, हे मला जास्त चांगलं माहीत आहे.

बालगृहातल्या एका मुलाला आपल्या घरी वाढवावं, असं मी आणि माझ्या मिस्टरांनी ठरवलं आणि अर्ज केला. काही दिवसांनी फोन आला, मंगळवारी घर बघायला येतो. हातात चार दिवस. त्या चार दिवसांत आम्ही पुढच्या खोलीला रंग दिला. भावजयीकडून सोफा आणला. नवे पडदे लावले. आणि सासूबाईंना नांदुऱ्याला नणंदेकडे पाठवून दिलं.

सासूबाईंना काही वर्षांपूर्वी टीबी झाला होता. औषधं पूर्ण घेतली, बऱ्या झाल्या, पण खोकला राहिला. शिवाय त्या बोलायला बसल्या की थांबत नाहीत. आम्हाला वाटलं, मॅडमसमोर खोकल्या तर अर्ज तिथंच संपला.

मॅडम आल्या. सोफ्यावर बसल्याच नाहीत. थेट स्वयंपाकघरात गेल्या. पाण्याच्या ड्रमला झाकण आहे का, संडासाला आतून कडी आहे का, मूल झोपणार कुठं, हे पाहिलं. मग माझ्या नऊ वर्षांच्या मुलीजवळ जमिनीवर बसल्या आणि विचारलं, "घरात कोण कोण राहतं गं?" मुलीनं बोटांवर मोजलं. अम्मी, अब्बू, भाईजान, मी, दादी.

"दादी कुठंय?"

"दादीला नांदुऱ्याला पाठवलंय, तुम्ही येणार होता ना म्हणून."

मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त एवढं विचारलं, "ताई, उद्या तो मुलगा खोकला, किंवा पाहुण्यांसमोर नको ते बोलला, तर त्यालाही नांदुऱ्याला पाठवाल का?" दादी घरी असतील तेव्हा पुन्हा येते म्हणाल्या आणि चहा घेऊन गेल्या.

मित्रांनो, त्या रात्री मी २०१५ चा बाल न्याय कायदा पहिल्यांदा नीट वाचून काढला. आधी वाचायला हवा होता. त्याचं ४४ वं कलम प्रतिपालकत्वाचं, म्हणजे ज्याला आपण फॉस्टर केअर म्हणतो त्याचं आहे. कुटुंब कशावरून निवडायचं? कुटुंबाची पात्रता, इरादा, क्षमता आणि मुलं सांभाळण्याचा आधीचा अनुभव. सोफ्याचा उल्लेख नाही. पाहणी करून अहवाल देण्याचं काम जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून होतं आणि आदेश बाल कल्याण समिती देते. त्याच कलमात पुढं असंही आहे की मूल घरी आल्यावर दर महिन्याला पाहणी होईल आणि कुटुंब कमी पडतंय असं दिसलं तर मूल परत घेतलं जाईल. म्हणजे भावजयीचा सोफा दर महिन्याला उचलून आणावा लागला असता.

आता आपल्या लोकांच्या मनातली भीती. सरकारी माणूस दारात आला की आपल्या मोहल्ल्यात आधी कुजबुज सुरू होते. या भीतीला कारणच नाही, असं मी म्हणणार नाही. मे २०२३ मध्ये बिहारहून पुणे-सांगलीकडच्या मदरशांत शिकायला निघालेल्या ५९ मुलांना दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून आपल्या शेजारच्या भुसावळला आणि पुढं मनमाडला उतरवून घेतलं होतं. सोबतच्या पाच जणांवर मानवी तस्करीचे गुन्हे लागले. मुलं बालगृहात राहिली, आईबाप तिकडे हवालदिल. पुढच्या वर्षी गैरसमजातून गुन्हा नोंदवला गेला म्हणून पोलिसांनीच प्रकरण बंद केलं. तोवर त्या शिक्षकांनी तुरुंग पाहिला होता. हे आपल्याला आठवतं आणि आठवायलाच हवं. पण त्यातून कुणी असा अर्थ काढतो की मूल गुपचूप सांभाळावं, कुणाला कळू देऊ नये. हा उलटा अर्थ आहे. आपल्याकडे बहिणीचं, मेव्हण्याचं मूल असंच वर्षानुवर्षं वाढतं. प्रेमानं वाढतं, त्यात शंका नाही. पण शाळेच्या दाखल्यावर, दवाखान्यात सही करताना, रेशन कार्डावर ते मूल कुणाचंच नसतं. ज्यांच्याकडं संशयानं पाहिलं जातं, त्यांना कागद जास्त लागतो.

दुसरी अडचण आपल्या वडीलधाऱ्यांची. एक बुजुर्ग माझ्या मिस्टरांना मशिदीबाहेर म्हणाले, "इस्लामात दत्तक नाही, तुम्ही हे काय काढलंय?" बरोबर आहे त्यांचं, अर्धं. सूरह अहजाबमध्ये सांगितलंय की सांभाळलेल्या मुलांना त्यांच्या बापाच्या नावानं हाक मारा. हजरत झैद पैगंबर साहेबांच्या घरात वाढले, लोक त्यांना झैद बिन मुहम्मद म्हणायचे. त्यानंतर ते पुन्हा झैद बिन हारिसा झाले. नाव बदललं, घर सुटलं नाही. आणि स्वतः पैगंबर साहेब? जन्माआधी वडील गेले, सहाव्या वर्षी आई गेली. लहानपणी हलीमांनी वाढवलं, मग आजोबा अब्दुल मुत्तलिबांनी, मग चुलते अबू तालिबांनी. आपल्या दीनाची सुरुवातच दुसऱ्याच्या घरात वाढलेल्या एका यतीम मुलापासून आहे.

आता प्रतिपालकत्व काय आहे ते बघा. मुलाचं नाव तेच राहतं. आईबाप असतील तर त्यांचं नातं राहतं, त्यांना भेटताही येतं. मुलाच्या हिताचं नसेल तर समिती थांबवते. वंश तुटत नाही, वारसा आपोआप मिळत नाही. हीच तर कफालत! १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात, २० व्या अनुच्छेदात, पर्यायी संगोपनाच्या यादीत 'इस्लामी कायद्यातील कफाला' हे शब्द नाव घेऊन लिहिलेले आहेत, आणि भारत १९९२ मध्ये त्या करारात सामील झाला. ज्याला कायदेशीर दत्तकच घ्यायचं आहे त्याला तो रस्ताही आहे. २०१४ मध्ये शबनम हाश्मी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बाल न्याय कायद्याखाली कुठल्याही धर्माचा माणूस दत्तक घेऊ शकतो. आपला व्यक्तिगत कायदा पाळायचा की हा, हे त्यानं ठरवावं. सक्ती कुणावर नाही. पण ज्यांची अडचण वंशाच्या नावापाशी आहे, त्यांच्यासाठी प्रतिपालकत्वात अडचण उरतेच कुठं?

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती घरात आधी बोलून घ्या. घरात तरुण मुलगा आहे आणि येणारी मुलगी तेरा वर्षांची असेल तर? किंवा उलट? मेहरम-नामेहरमचा प्रश्न आहे. गंमत बघा, मॅडमचा पहिला प्रश्न तोच होता, वेगळ्या शब्दांत: कोण कुठं झोपतं, कपडे बदलायला जागा आहे का, कडी आतून लागते का. आम्ही मुलगाच मागितला, कारण आमच्या दोन खोल्यांत मुलगी आणि माझा सतरा वर्षांचा मुलगा यांची सोय नीट लावता आली नसती. हे तसंच्या तसं सांगितलं. कमीपणा वाटला नाही.

पैशाचंही तसंच. मिशन वात्सल्यमध्ये प्रतिपालकत्वासाठी महिन्याला ४००० रुपये आहेत. नातेवाइकांकडं राहणाऱ्या मुलांसाठी आपल्या राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, तिचे २२५० रुपये. तिथंही गृहभेट होतेच. यतीमचा माल आपल्या मालात मिसळून खाऊ नका, हे आपल्याला कुराणानं चौदाशे वर्षांपूर्वी सांगितलं. म्हणून आम्ही मूल यायच्या आधीच एक वेगळी वही केली. मॅडमनं ती मागितली नव्हती, मीच दाखवली. वारसाचं कुणी विचारलं तर सांगा: जिवंतपणी हिबा करता येतो, आणि वसीयत एक तृतीयांशापर्यंत करता येते.

एक प्रश्न तुम्हाला नक्की विचारतील आणि तो सगळ्यात अवघड आहे. मूल दुसऱ्या धर्माचं असेल तर? समिती मुलाची भाषा, रीतभात, कुठून आलंय हे बघून घर ठरवते, पण प्रश्न येतो. आमच्याकडं दोन रात्री यावर बोलणं झालं. त्याचे सण घरात होतील का? तो नमाजला बसला नाही तर कुणी टोमणा मारेल का? त्याचं नाव कुणी 'सोपं' करेल का? मिस्टर हो म्हणाले, मी हो म्हणाले, थोरला गप्प राहिला. मग आम्ही मॅडमना तसंच सांगितलं, की आम्ही तयार आहोत, थोरल्याला अजून वेळ लागेल. तुमच्या घरची तयारी नसेल तर नाही म्हणा. खोटं हो म्हणण्यात त्या मुलाचं नुकसान आहे.

आता कागद. जोडप्यात दोघांच्या वयाची बेरीज किमान ७० हवी आणि लग्न स्थिर असावं, किमान दोन वर्षांचं. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार अविवाहित, विधवा, घटस्फोटित व्यक्तीलाही अर्ज करता येतो. एकट्या पुरुषाला फक्त मुलगा मिळतो. दोन वर्षं प्रतिपालक राहिल्यावर दत्तकासाठीही अर्ज करता येतो, आधी ही मुदत पाच वर्षांची होती. राहत्या पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, लग्नाचा पुरावा, घरातल्या लोकांच्या आरोग्य तपासण्या, पोलीस पडताळणी आणि तुम्हाला ओळखणारे दोन शेजारी. शेजारी एक आपला, एक मोहल्ल्याबाहेरचा द्या, असं माझं मत, नियम नाही.

पण आपल्याकडं खरा घोळ नावात आहे. आधारवर 'शेख', शाळेच्या दाखल्यावर 'शे.', बापाच्या नावापुढं पुन्हा 'शे.', बाईचं नाव एका कागदावर नुसतं आणि दुसऱ्यावर 'बी' लावून. निकाहनाम्यावर तिसरंच स्पेलिंग. आमची तीन कागदांवर तीन नावं होती. प्रतिज्ञापत्र करून घेण्यात महिना गेला. हे काम अर्जाच्या आधी करा. आणि हे तुमचं काम आहे. तुमच्यातले बहुतेक जण ३५ च्या आतले, तुम्हाला अर्ज करता येणार नाही, पण घरात कागद वाचता येणारा, ऑनलाइन फॉर्म भरता येणारा तुमच्याशिवाय आहे कोण? तुमची खाला, तुमचे मामू अर्ज करतील तेव्हा फाईल तुम्ही लावा. आणि मूल घरी आलं तर त्याचा फोटो स्टेटसला नाही. त्याची ओळख जाहीर करण्यावर कायद्यानं बंदी आहे, आणि आपण किती सवाब कमावतोय हे दाखवायची त्याला गरजही नाही.

आता दादींचं राहिलं. त्या परत आल्या, आम्ही का पाठवलं ते कळलं, दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मग स्वतःच ट्रंक उघडली. सरकारी दवाखान्याचं टीबीचं कार्ड त्यांनी जपून ठेवलं होतं, उपचार पूर्ण झाल्याच्या नोंदीसकट. आरोग्य तपासणीत टीबीचं विचारतातच. जे लपवायला आम्ही त्यांना नांदुऱ्याला पाठवलं, त्याचा पुरावा त्यांच्याच उशाशी होता.

दुसऱ्या भेटीत मॅडम दादींशीच जास्त वेळ बोलल्या. दादी खोकल्या, पदरानं तोंड झाकलं, आणि सांगत बसल्या. त्या स्वतः आई गेल्यावर फुफीकडं वाढल्या. लग्नाला पन्नास वर्षं झाली, हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. फुफी चांगली होती, मारायची नाही, म्हणाल्या. फक्त जेवायला बसलं की ती आपल्या ताटाकडं बघते आहे असं वाटायचं. बघत नसेलही. "पण वाटायचं," दादी म्हणाल्या. "म्हणून मी दुसरी भाकर कधी मागितली नाही. घरात भाकरी होत्या."

मॅडमनं पेन खाली ठेवलं. मग विचारलं, "मग या मुलासाठी काय कराल?"

दादी म्हणाल्या, "टोपली मधी ठेवायची. ज्याला पाहिजे त्यानं घ्यायची. वाढायचं नाही कुणी."

अहवाल गेला आहे. समितीचा आदेश अजून आलेला नाही. येईल किंवा येणारही नाही. सोफा भावजयीकडं परत गेला. कपाटाचा खालचा कप्पा आम्ही रिकामा ठेवलाय, आणि भाकरीची टोपली त्या दिवसापासून मधेच असते.

कुणाच्या घरचे कागद बघायचे असतील तर बैठक संपल्यावर थांबा. मी मगरिबपर्यंत इथंच आहे.