शेजारी कोणाला म्हणावे?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘साहित्य आणि सिनेमातील शेजारी’ असा विषय दिला आहे. मी गिरणी कामगार. माझं शिक्षण शाळेत थोडं आणि वाचनालयात जास्त झालं. त्यामुळे समीक्षकासारखं बोलणं मला जमणार नाही. जे वाचलं, जे पडद्यावर पाहिलं आणि त्यावरून स्वतःला जे विचारलं, तेवढं आपल्यापुढे ठेवतो.

चाळीतल्या माणसाला शेजार शिकवावा लागत नाही. विरजण मागायला शेजारी, पोर सांभाळायला शेजारी आणि पहाटे नळावर हंड्यासाठी भांडायलाही शेजारीच. पण विरजण दिलं-घेतलं म्हणजे शेजारधर्म पुरा झाला का? माझा आजचा प्रश्न एवढाच आहे.

१९४१ साली प्रभात फिल्म कंपनीने ‘शेजारी’ हा चित्रपट काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम आणि कथा विश्राम बेडेकरांची. हिंदीत तोच ‘पडोसी’ नावाने आला. खेड्यातले दोन म्हातारे, एक हिंदू, एक मुसलमान, जिवाभावाचे शेजारी. धरणाचं काम काढलेल्या माणसाला गावाची जमीन हवी असते. या दोघांची मैत्री त्याच्या आड येते, म्हणून तो त्यांच्यात फूट पाडतो. शेवटी धरण फुटतं आणि मरणाच्या दारात दोघे एकमेकांचा हात धरतात. चित्रपटात मुसलमान मिर्झाचं काम गजानन जागीरदारांनी केलं आणि हिंदी ‘पडोसी’त हिंदू म्हाताऱ्याचं काम मझहर खान यांनी केलं. १९४० साली लाहोरला पाकिस्तानच्या मागणीचा ठराव झाला होता, त्यानंतरच्या वर्षातला हा चित्रपट. तेव्हा या अदलाबदलीचा अर्थ प्रेक्षकाला वेगळा सांगावा लागला नसेल.

हा चित्रपट दोन गोष्टी शिकवतो. एक, शेजाऱ्यांचं भांडण लागलं की त्यात फायदा कोणाचा, हे आधी पाहावं. दुसरी, समेट उशिरा झाला तर तो फक्त मरायला कामाला येतो.

पण बंधूंनो, ‘शेजारी’तले दोघे आधी मित्र होते, नंतर भांडले. आपल्या आज्या-पणज्यांना तर भांडण्याइतका शेजारही मिळाला नाही. प्रेमचंदांची ‘ठाकूर का कुआँ’ ही १९३२ ची कथा घ्या. जोखू आजारी आहे. घरातल्या पाण्याला घाण वास मारतो. त्याची बायको गंगी रात्री लपतछपत ठाकुराच्या विहिरीवर जाते. घडा काठापर्यंत येतो न येतो तोच ठाकुराच्या दाराचा आवाज होतो. घडा हातून सुटतो, ती जीव घेऊन पळते. घरी येऊन बघते, तर जोखू तेच घाण पाणी पितोय. ठाकुराची विहीर हाकेच्या अंतरावर होती. अंतराने तो शेजारी होता, नात्याने नव्हता.

बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ साली आला. त्याच नावाच्या कथेतला तरुण रेल्वेत नोकरीला लागतो आणि जात लपवून राहतो. बरोबरची माणसं त्याला मान देतात, त्याची विद्वत्ता वाखाणतात. आणि जात कळल्यावर? तीच माणसं त्याला मारतात. माणूस कालचाच होता, फक्त त्याची जात कळली होती.

हे कथेतच घडतं असं कोणी म्हणू नये. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातून सूत ओढायला विणकर तोंड लावायचा. म्हणून विणकाम खात्यात, जिथे मजुरी जास्त, तिथे अस्पृश्य कामगाराला शिरू दिलं जात नसे. त्याने तोंड लावलेला धोटा शेजारच्या कामगाराला चालत नसे! १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. लाल बावट्याखाली एकत्र उभे राहणारे हात धोट्यापाशी वेगळे होत होते.

आता महाडला येऊ. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्राशन केलं. त्यानंतर अफवा उठली आणि परिषदेला आलेल्या आपल्या लोकांवर हल्ला झाला. या दिवसाची एक गोष्ट आपण जयंतीला फारशी सांगत नाही. मार खाणाऱ्या आपल्या माणसांना महाडच्या मुसलमानांनी आपल्या घरांत आसरा दिला होता. त्यांनी आपल्याबरोबर तळ्याचा सत्याग्रह केला नव्हता. पण दार वाजलं तेव्हा त्यांनी उघडलं.

हे ऐकून माझी मान खाली का जाते, ते आज या विहारात सांगतो.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३. मुंबई पेटली होती. आमच्या चाळीत, आमच्याच मजल्यावर एक मुसलमान कुटुंब होतं. चाचा शिवणकाम करायचे. माझी आई कामावर असली की चाची आमचा हंडा भरून ठेवायची. एका रात्री ते सगळे बोचकी घेऊन बाहेर पडले. चाचांनी खोलीची किल्ली आईच्या हातात दिली. मी विशी ओलांडलेला पोरगा दारात उभा होतो. आमच्या मंडळाचा कार्यकर्ता, संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचून दाखवणारा! मजल्यावर काही पोरं काय बोलत होती ते मी ऐकलं होतं. ती माझ्याच ओळखीची होती. मी त्यांना काही बोललो नाही. चाचांना “चला, स्टेशनपर्यंत येतो” एवढंही म्हणालो नाही. काही महिन्यांनी चाचा आले, मिळेल त्या भावात खोली विकून गेले. किल्ली घेताना आईला म्हणाले, “आपा, मेहरबानी.” माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

मी हल्ला केला नव्हता. पण मी गप्प होतो. आणि गप्प बसण्याबद्दल आपल्या ग्रंथात काय आहे?

बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचं कारण म्हातारा, रोगी आणि प्रेत हे नाही. कारण आहे शेजाऱ्यांचं पाण्यावरचं भांडण. रोहिणी नदीच्या एका बाजूला शाक्य, दुसऱ्या बाजूला कोलीय. शाक्यांच्या सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थ म्हणाला, आपलीही माणसं निर्दोष नाहीत. दोन पंच आपले, दोन त्यांचे, चौघांनी पाचवा निवडावा आणि निवाडा करावा. बहुमताने हे फेटाळलं गेलं. दुसऱ्या दिवशी सैन्यभरतीचा ठराव आला. आदल्या दिवशी युद्धाविरुद्ध मत देणारेही त्या सभेला होते. पण बोलायचं धाडस एकालाही झालं नाही. ते गप्प आहेत हे पाहून एकटा सिद्धार्थ उभा राहिला आणि त्याची किंमत म्हणून त्याने परिव्रज्या पत्करली.

बंधूंनो, शत्रूच्या सभेत विरोध करायला धाडस लागतं, पण टाळ्याही मिळतात. आपल्याच सभेत, आपल्याच माणसांसमोर शेजाऱ्याची बाजू मांडणं फार कठीण. शेजाऱ्याची कसोटी तिथे लागते. मी त्या रात्री सिद्धार्थाबरोबर नव्हतो, मी गप्प बसलेल्यांत होतो.

आज चाळी पाडून टॉवर उभे राहिलेत. दारं बंद असतात. काही काळापूर्वी आमच्या इमारतीच्या बैठकीत ‘अमक्या समाजाला खोली भाड्याने द्यायची नाही’ असा सूर निघाला. बोलणारे आपलेच होते, विहारात येणारे. ज्यांच्या बापजाद्यांना जात विचारून खोली नाकारली, तेच आता दुसऱ्याची जात-धर्म विचारू लागले! या वेळी मी उठून बोललो. ठराव झाला नाही. दोघा-तिघांनी माझ्याशी बोलणं सोडलं, ते अजून बोलत नाहीत. पण त्या रात्री मला झोप लागली.

या विहारात आपण पंचशील घेतो, वंदना म्हणतो. त्याबरोबर एक रीत पाडावी अशी माझी विनंती आहे. मजल्यावर, वस्तीत वाद झाला तर दोन त्यांचे, दोन आपले, आणि चौघांनी निवडलेला पाचवा, असे बसून ऐकून घ्यावं. हा नियम मी बनवलेला नाही, सिद्धार्थाचाच आहे. आणि आपली सभा चुकत असेल तर तिथेच उठून बोलावं, घरी जाऊन बायकोजवळ नव्हे.

चाचा आता हयात आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही. त्यांची माफी मागायला मला उशीर झाला. आपण तरी उशीर करू नये, एवढं सांगून आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय! जयभीम!