घाट, बावन्न सेल आणि अर्धा कोयता

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मी धारूरचा. म्हणजे किल्ले धारूर, बीड जिल्हा, बालाघाटाच्या डोंगरात. आमच्याकडची सीताफळं तुम्ही खाल्ली असतील. माझं वेल्डिंगचं दुकान आहे. मला सांगितलंय की इलेक्ट्रिक सायकल कशी बनवली ते सांगा. सांगतो, पण त्यात एक माझी चूक आहे, तीही सांगावी लागेल.

आम्ही तिघं. मी वेल्डिंगवाला, दुसरा मोबाईल दुरुस्तीवाला आणि तिसरा आमचा वर्गमित्र, ज्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या ऊसतोड. दसरा झाला की गाव अर्धं रिकामं होतं, हे बीडकरांना सांगायला नको. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. हा अर्धा कोयता. मुकादमाकडून उचल घेऊन झालेली. आणि दसऱ्याच्या तीन आठवडे आधी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मैदानावर घरी बनवलेल्या इलेक्ट्रिक सायकलींची रेस होती. एक तास, जो जास्त फेऱ्या मारेल तो जिंकला. तो म्हणाला, "जायच्या आधी एवढं करू गड्या." तेवढ्यावर सुरू झालं.

सायकल जुनीच, काळी, दूधवाल्याची असते तसली. मागच्या चाकात 250 वॅटची हब मोटर. 250 च का? मोटर 250 वॅटच्या आत आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असला की कायद्यानं ती मोटार वाहन धरत नाहीत. लायसन नको, पासिंग नको. रेसचा नियमही तोच होता.

पहिली चाचणी आम्ही घेतली कुठं, तर तेलगावच्या बाजूच्या घाटात. आमच्याकडं दुसरा रस्ता दिसतच नाही ना डोळ्याला! निम्म्यात मोटर अशी तापली की हात लावता येईना. नंतर मोबाईलवाल्यानं कागदावर मांडून दाखवलं. माणूस आणि सायकल मिळून 100 किलो. शंभर मीटरला सहा मीटर चढ. त्यावर ताशी 25 नं जायचं तर नुसत्या चढालाच 400 वॅट लागतात, वारा आणि चाकाची घासण वेगळी. मोटर 250 ची. मग ती हळू फिरते, आणि हळू फिरणारी मोटर करंट ओढते पण त्यातला बराचसा उष्णतेत घालवते. पायडल मारून मदत केली तर ठीक, नाहीतर आतली वायर जळते. आमची थोडक्यात वाचली.

त्याच चाचणीत दुसरी गोष्ट झाली. मोटरचा आस चिमट्याच्या खाचेत फिरला आणि खाच फाकली. साध्या सायकलीत चाक फिरतं, आस गप्प बसतो. इथं मोटर चाकाला पुढं ढकलते तेवढ्याच जोरानं आसाला उलटं पिळते. म्हणून टॉर्क आर्म लागतो, म्हणजे आसाला अडकवून चिमट्याला बांधलेली लोखंडी पट्टी. मी सहा मिलिमीटरची पट्टी कापून दोन्ही बाजूंनी बसवली. हे काम माझं, आणि ते आजही पक्कं आहे.

आता बॅटरी. सेल 52 घेतले, 13 ओळीत आणि प्रत्येक ठिकाणी चार जोडीनं, म्हणजे 48 व्होल्ट. सेलवर छापलेलं 2600. पैसे तिघांचे, पण जास्त त्याचे, उचलीतले. मोबाईलवाल्यानं चार सेल मोजले तर 1100 भरले. विकणाऱ्याला फोन केला, तो म्हणाला तुमचं मशीन चुकीचं. म्हणजे पाचशे वॅट-तासांच्या जागी दोनशेच्या आसपास. आणि असे कमजोर सेल जोर पडला की व्होल्टेज टाकतात, मग बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारी ती छोटी पाटी, सरळ बंद करते. सायकल दर दोन मिनिटांनी उभी.

तेव्हा मी म्हणालो, "ती पाटीच काढून टाक." ही अक्कल माझी. मोबाईलवाला नको म्हणत होता. मी म्हणालो, रेस चार दिवसांवर आली आहे, एक तासाचा तर प्रश्न आहे.

पाटी काढली. सायकल पळाली, मस्त पळाली! मग रात्री तशीच चार्जिंगला लावली. आता काय होतं बघा. चार्जर पाहतो फक्त एकूण व्होल्टेज, 54.6. आत तेरा गटांपैकी एक गट कमजोर असेल तर तो आधी भरतो आणि 4.2 च्या वर जात राहतो. त्याला थांबवणारी पाटी आम्ही काढलेली. रात्री दोनच्या सुमाराला शिट्टीसारखा आवाज आला आणि धूर. आम्ही दुकानातच झोपलेलो. अर्ध्या कोयत्यानं पॅक उचलला आणि अंगणात फेकला. पेट घेतला तो बाहेर. मग हौदातलं पाणी ओतत राहिलो, कितीतरी वेळ. विझला म्हणून थांबावं तर पुन्हा शेजारचा सेल तापायचा.

त्याचा उजवा तळहात भाजला. कोयत्याचा हात.

त्याच्या आईला तोंड दाखवायची माझ्यात हिंमत नव्हती. ती काही बोलली नाही, एवढंच विचारलं, "दसऱ्यापत्तुर बरा व्हईल का रं बाबा?"

रेस सोडून देऊ म्हणालो तर तोच ऐकेना. मोबाईलवाल्यानं 2009 ची एक गोष्ट काढली. आयल ऑफ मॅन बेटावर पहिल्यांदा विजेच्या मोटारसायकलींची रेस झाली, साठेक किलोमीटरची एक फेरी. पहिली आली ती अग्नीची गाडी, सरासरी ताशी 140 च्या पुढं. ती कंपनी गुजरातशी जोडलेली, आणि चौकट पेट्रोलवाल्या सुझुकीची. त्याच रेसला पुण्याचा कपिल शेळके आपली टॉर्क घेऊन गेला होता आणि त्यांना खुल्या गटात तिसरा क्रमांक मिळाला. पुढं त्याचीच कंपनी झाली. आमच्या मित्राचं म्हणणं साधं होतं, "ते समुद्र ओलांडून गेले, आपल्याला नुसता घाट उतरायचाय."

मग चार लेड-ॲसिड बॅटऱ्या लावल्या, 12 व्होल्ट 12 ॲम्पिअरच्या. सोळा किलो वजन! चालवणार होता तो, 52 किलोचा. बसलो मी, 82 किलोचा. या बॅटऱ्यांवर छापलेले 12 हे वीस तासांत हळूहळू काढले तर. तासाभरात ओरबाडले तर त्यातले साठेक टक्केच हाती येतात. 38 व्या मिनिटाला मोटर गेली. उरलेली 22 मिनिटं मी ते सगळं लोखंड पायांनी ओढलं, आणि तो कडेला उभा राहून पट्टी बांधलेल्या हातानं फेऱ्या मोजत होता. चौदावे आलो.

सेलचे त्याचे पैसे मी दोन हप्त्यांत फेडले. हात बरा झाला, पण कातडी अजून ताठ आहे, मूठ पूर्ण वळत नाही. त्या हंगामात तो मोळ्या बांधायचा, तोडायची आई. सायकल मी त्यालाच दिली, नवीन सेल आणि पाटी घालून. ट्रॅक्टरवर संसाराच्या सामानाच्या वर बांधून नेली.

डिसेंबरात त्याचा फोडावरून फोन आला. मला वाटलं हाताचं काही असेल. म्हणाला, "मागच्या चाकाचा नट ढिला झालाय, कितीचा पाना?" मी म्हणालो, अठराचा. तो म्हणाला, "इथं सतराचाच आहे," आणि ट्रॅक्टरवाल्याला हाक मारत फोन ठेवला.